'ता'च्या आधी आणि 'जा'च्या नंतर

वाचकाचं पत्र, थोडक्यात : अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या माध्यमिक शाळेत या बाई विज्ञान शिकवतात. त्यांचं शिक्षण जीवशास्त्रातलं, पण शाळेत विज्ञानाला दुसरं कुणी नसल्यामुळे भौतिकशास्त्रही त्यांच्याच वाट्याला आलंय. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या आधी नववीच्या मुलांना विद्युतचुंबकीय वर्णपट आणि प्रकाशाचं वागणं यांची ओळख करून द्यायची, त्यासाठी सहा तास मिळतील असं ठरलं. बाईंनी भिंतीवर रंगीत तक्ता लावला. रेडिओ लहरींपासून गॅमा किरणांपर्यंतची नावं मुलांनी दोन दिवसांत पाठ करून टाकली. मग एका मुलाने विचारलं, "बाई, लाट म्हणजे कशाची लाट? मध्ये तर काहीच नाही." आणि दुसऱ्या मुलीने विचारलं, "आमच्या वस्तीवर टॉवर उभा राहतोय, त्यातून गॅमा किरणं येतात का?" गावात त्या टॉवरवरून सध्या वाद चालू आहे. बाईंना दोन्ही प्रश्नांवर धड उत्तर देता आलं नाही. मुख्याध्यापक म्हणतात, स्मार्ट बोर्डवर ॲनिमेशन दाखवा आणि पुढे चला. एक विक्रेता प्रकाशाच्या प्रयोगांची महागडी पेटी घ्या म्हणतोय. बाई विचारतात : पेटी घ्यावी, ॲनिमेशन दाखवावं, की हा भाग फिजिक्स शिकलेल्या माणसासाठी सोडून द्यावा? परावर्तन-अपवर्तन आधी उरकून घ्यावं, की वर्णपट आधी?

नमस्कार ताई,

तुम्ही तुमच्या पत्रात चार प्रश्न विचारलेत, पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते तुमच्या मुलांचे दोन. तक्ता पाठ झाल्यावर मुलं सहसा काही विचारत नाहीत, कारण तक्त्यात विचारण्यासारखं काही उरत नाही. तुमच्या वर्गात विचारलं गेलं. म्हणजे तुमचे पहिले तास वाया गेलेले नाहीत. त्या दोन प्रश्नांपर्यंत मी सावकाश येते. आधी तुम्ही जे गृहीत धरलंय त्याबद्दल बोलू.

तुम्ही लिहिता, 'मी जीवशास्त्राची, हा माझा प्रांत नाही.' मला हे पटत नाही. दृश्य प्रकाश म्हणजे साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश, ही मर्यादा प्रकाशाने घातलेली नाही, आपल्या डोळ्याने घातलेली आहे. डोळ्यातलं भिंग जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण अडवतं, पडद्यावरच्या पेशी तांबड्याच्या पलीकडे प्रतिसाद देत नाहीत, म्हणून आपल्यासाठी रंग 'तानापिहिनिपाजा'त संपतात. मधमाशीला तांबडा दिसत नाही, पण अतिनील दिसतो, आणि कित्येक फुलांवर मधाकडे नेणाऱ्या खुणा त्या अतिनीलमध्येच असतात. सह्याद्रीतल्या चापडा या सापाच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मधल्या खळग्याला अंधारात उंदराच्या अंगातून निघणारे, तांबड्याच्या पलीकडचे अवरक्त किरण जाणवतात. झाडाचं पान आपल्याला हिरवं दिसतं, पण अवरक्त कॅमेऱ्यातून पाहिलं तर ते लख्ख उजळ दिसतं, कारण पान जवळचा अवरक्त प्रकाश फार मोठ्या प्रमाणात परत फेकतं. पिकाची तब्येत उपग्रहावरून कळते ती यामुळेच : पान सुकायला लागलं की हा उजळपणा कमी होतो. इस्रोचा नियमित वापराचा पहिला दूरसंवेदन उपग्रह १९८८ साली अवकाशात गेला, तेव्हापासून आपल्या शेतांकडे आकाशातून असं बघितलं जातंय. यातलं काय तुमच्या प्रांताबाहेरचं आहे? वर्णपटाची ओळख डोळ्यापासून करून द्यायला जीवशास्त्र शिकलेल्या शिक्षिकेइतकं योग्य माणूस मला दुसरं सुचत नाही.

दुसरी गोष्ट. परावर्तन-अपवर्तन हा एक पाठ आणि वर्णपट हा दुसरा, आणि यातला कुठला आधी, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते हे दोन पाठ नाहीतच, आणि या पत्रातून एवढंच तुमच्यापर्यंत पोहोचलं तरी मला पुरेसं आहे. न दिसणारे किरण हेही प्रकाशच आहेत, हे माणसाला कळलं कसं? ते आरशावरून परततात, भिंगातून वळतात, प्रिझममधून वाकतात, म्हणजे प्रकाशासारखे वागतात, हे पाहून. हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ मध्ये जर्मनीत कार्ल्सरुहेला ठिणग्यांमधून रेडिओ लहरी निर्माण केल्या, तेव्हा तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने त्या धातूच्या पत्र्यावरून परावर्तित करून दाखवल्या आणि डांबराचा भला मोठा प्रिझम करून त्यातून वळवून दाखवल्या. नंतर कोलकात्यात जगदीशचंद्र बोसांनी ५ मिलिमीटरपर्यंत आखूड लहरी तयार केल्या आणि प्रकाशाचा एकेक गुणधर्म त्यांच्यावर तपासून पाहिला. त्यासाठी त्यांनी पिळलेला ताग वापरला, आणि रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात पानोपानी कथलाचा वर्ख घालून त्याचं उपकरण केलं. पेटीवाल्या विक्रेत्याला उत्तर देण्याआधी हे वेळापत्रक जरूर आठवा.

म्हणून पहिल्या तासाला तक्ता गुंडाळून ठेवा आणि टीव्हीचा रिमोट वर्गात न्या. रिमोटच्या टोकाचा बारीक दिवा मुलांना डोळ्यांनी बघू द्या : काही दिसणार नाही. मग मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघू द्या. मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त अडवणारी गाळणी बहुतेकदा जास्त कडक असते, म्हणून पुढचाच घ्या. बटण दाबल्यावर पडद्यावर दिवा लुकलुकताना दिसेल, फिकट जांभळा किंवा पांढरा. इथे कुणीतरी म्हणेल, 'म्हणजे त्याचा रंग जांभळा आहे.' तिथे थांबा. तो रंग कॅमेऱ्याने दिलेला आहे. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ९४० नॅनोमीटर आहे आणि त्याला आपल्या डोळ्यांच्या हिशेबात रंगच नाही.

आता त्यावर प्रकाशाचे नियम लावा. रिमोटच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी बसवा, म्हणजे किरण फार पसरणार नाहीत. टीव्ही किंवा स्मार्ट बोर्ड असलेल्या खोलीत त्याच्या सेन्सरलाही तशीच नळी लावा. समोरासमोर धरलं तर चालतं, बाजूला वळवलं तर चालत नाही, हे आधी पक्कं करा. मग एक साधा आरसा मध्ये ठेवून, जमिनीवर खडूने रेषा आखून, कुठल्या कोनात धरलं की टीव्ही चालू होतो ते मुलांना शोधू द्या. आपाती कोन आणि परावर्तन कोन सारखे येतात, न दिसणाऱ्या प्रकाशालाही. नळ्या काढून रिमोट नुसत्या भिंतीकडे धरला तरी टीव्ही चालू होतो. ते अनियमित परावर्तन. मग मध्ये वस्तू ठेवून बघा : काच, वही, तळहात, पाण्याची बाटली, थंड पेयाचा काळाकुट्ट पेला. कोलाच्या पेल्यातून रिमोट चालतो तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. डोळ्याला जे अपारदर्शक तेच रिमोटला पारदर्शक, आणि इथून तुम्हाला सहाही तास पुरेल असा प्रश्न मिळतो : ही वस्तू पारदर्शक आहे, पण कोणासाठी?

दुसऱ्या तासाला विल्यम हर्शेल. १८०० साली इंग्लंडमध्ये हर्शेलने प्रिझमने सूर्यप्रकाशाचे रंग पाडून प्रत्येक रंगात तापमापक ठेवले, आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीही दिसत नव्हतं, तिथला पारा सगळ्यात जास्त चढला. तुमच्या शाळेच्या कपाटात काचेचा एक प्रिझम नक्की असेल. प्रयोगशाळेतले तीन-चार तापमापक घ्या (ताप मोजायचा घेऊ नका, त्याची मोजपट्टी फार तोकडी असते) आणि त्यांचे फुगे काजळाने काळे करा. एका खोक्याच्या काठावर प्रिझम बसवा आणि खोक्याच्या तळाशी सावलीत रंगपट्टा पाडा. एक तापमापक निळ्यात, एक पिवळ्यात, एक तांबड्यात आणि एक तांबड्याच्या थोडा पलीकडे ठेवा. फेब्रुवारीच्या दुपारचं ऊन याला उत्तम. फरक फार मोठा येत नाही, कधी एखाद-दोन अंशांचाच येतो, तेव्हा मुलांना आधीच सांगा की घाई करायची नाही आणि तापमापकांचं सुरुवातीचं वाचन लिहून ठेवायचं. पाण्यात आरसा बुडवून रंग पाडायची युक्ती इथे नको. पाणी बराचसा अवरक्त प्रकाश स्वतःच पिऊन टाकतं.

या प्रयोगावरून 'सूर्यातून सगळ्यात जास्त ऊर्जा अवरक्तमध्येच येते' किंवा 'अवरक्त म्हणजेच उष्णता' असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नका. काचेचा प्रिझम तांबड्याकडचा भाग दाटीवाटीने टाकतो आणि जांभळ्याकडचा पसरवतो, त्यामुळे तांबड्याच्या बाजूला ठेवलेल्या तापमापकावर तरंगलांबीच्या जास्त रुंद पट्ट्यातला प्रकाश एकवटतो. आणि उष्णता तर कुठलाही प्रकाश शोषला गेला की मिळते. म्हणून काळा शर्ट उन्हात तापतो. पुष्कळ पुस्तकं हे नीट सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

हर्शेलची बातमी वाचून पुढच्याच वर्षी, १८०१ मध्ये, योहान रिटरने दुसरं टोक तपासलं. प्रकाशात काळं पडणारं सिल्व्हर क्लोराइड जांभळ्याच्या पलीकडे ठेवल्यावर आणखी लवकर काळवंडलं. तुमच्या मुलांना 'तानापिहिनिपाजा' तोंडपाठ असणारच. फळ्यावर मध्यभागी ही सात अक्षरं लिहा आणि विचारा : 'ता'च्या आधी काय, 'जा'च्या नंतर काय? हर्शेल एका टोकाला, रिटर दुसऱ्या टोकाला. वर्णपट मुलांना पहिल्यांदा असा, मधून दोन्ही बाजूंना वाढत गेलेला दिसला पाहिजे. माणसाला तो त्याच क्रमाने सापडला.

अतिनीलसाठी नोटा तपासायचा छोटा टॉर्च पुरतो; तालुक्याच्या बाजारात मिळेल. त्याखाली नोटेवरचे आकडे आणि धागे चमकतात, धुण्याच्या पावडरीने धुतलेला पांढरा शर्ट निळसर उजळतो, आणि हळद स्पिरिटमध्ये कालवली तर हिरवट-पिवळी चमकते. टॉर्च कुणाच्याही डोळ्यांवर धरायचा नाही आणि तो तुमच्याच हातात राहील, एवढी शिस्त ठेवा. सूर्याकडे तर प्रिझम, भिंग किंवा सीडी, कशातूनही थेट बघायचं नाही. हे फळ्याच्या कोपऱ्यात सहाही दिवस लिहिलेलं असू द्या.

आता तक्त्याकडे येऊ. तक्त्याची खरी अडचण पाठांतर ही नाही. त्यातले सात चौकोन एकसारखे असतात, त्यामुळे दृश्य प्रकाश हा सातातला एक वाटतो, आणि प्रमाणाची जाणीवच होत नाही. त्याऐवजी एक तास मुलांना मैदानावर न्या. तुमच्या वर्गात पन्नासच्या वर मुलं आहेत असं लिहिलंत, ते इथे कामी येईल. एकावन्न मुलांची रांग करा. पहिल्याच्या गळ्यात पाटी : १ किलोमीटर. दुसऱ्याच्या : ५०० मीटर. तिसऱ्याच्या : २५०. प्रत्येकाने आधीच्याचं निम्मं करायचं. हिशेब मुलांनीच करायचा, आदल्या दिवशी घरी. दहा वेळा निम्मं केलं की हजारावा भाग होतो (नेमकं बोलायचं तर १०२४ वा), त्यामुळे अकराव्याकडे साधारण १ मीटर येतो, एकविसाव्याकडे १ मिलिमीटर, एकतिसाव्याकडे १ मायक्रोमीटरच्या जरा आत आणि एकावन्नाव्याकडे १ पिकोमीटरहून थोडं कमी.

मग एकेकाला त्याची जागा दाखवा. पुणे आकाशवाणीचं मध्यम लहरीवरचं ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३७९ मीटर : दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. एफएमच्या १०० मेगाहर्ट्झचे ३ मीटर नवव्या आणि दहाव्याच्या मध्ये. चौदाव्याकडे १२.२ सेंटीमीटर येतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनची लहर जवळजवळ तेवढीच असते. वाय-फाय आणि मोबाइलच्या लहरीही त्याच्याच आजूबाजूला. आपल्या अंगातून निघणारे अवरक्त किरण, ज्यांवर चापडा शिकार करतो, ते सत्ताविसाव्या आणि अठ्ठाविसाव्याच्या मध्ये. एकतिसाव्याकडे ९३१ नॅनोमीटर येतात, म्हणजे रिमोट त्याच्याच हातात द्यायचा. बत्तिसाव्याकडे ४६६ नॅनोमीटर : निळा रंग. तेहेतिसाव्याकडे २३३ : अतिनील, हवेतला ओझोन सूर्याकडून येताना अडवतो त्यातला. चव्वेचाळिसाव्याकडे नॅनोमीटरचा साधारण नववा भाग, क्ष-किरण. शेवटच्याकडे गॅमा. क्ष आणि गॅमा यांच्यामध्ये तर पक्की सीमाच नाही. अणूच्या केंद्रकातून आले तर गॅमा म्हणायचं, अशी पद्धत आहे.

आणि मग विचारा, 'यातलं आपल्याला कोण दिसतं?' एकावन्नातलं एकच मूल, बत्तिसावं. बाकीच्यांना खाली बसवा आणि त्याला एकट्याला उभं राहू द्या. मुलांना मग 'हेच का दिसतं?' हा प्रश्न पडेल, आणि त्याचं उत्तर तुमच्या विषयातलं आहे. सूर्याचा प्रकाश या पट्ट्यात भरपूर आहे, हवा आणि पाणी दोन्ही त्याला पारदर्शक आहेत, आणि डोळ्याची जडणघडण पाण्यात राहणाऱ्या जीवांपासून सुरू झालेली आहे.

रांग झाल्यावर तक्ता पुन्हा भिंतीवर लावा. मग मुलं तो पाठ करत बसणार नाहीत, त्यात आपापल्या जागा शोधतील. परीक्षेसाठी दहा मिनिटं देऊन वहीत उतरवून घ्या, तेवढं बास. ज्या वर्गात पंधराच मुलं आहेत त्यांनी सुतळीला एकावन्न गाठी माराव्यात, आणि घरी मुलांना शिकवणाऱ्या आईबाबांनीही तसंच करावं. काम तेच होतं.

आता त्या मुलाचा प्रश्न : लाट कशाची? तो प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पडलेला होता, हे त्याला सगळ्या वर्गासमोर सांगा. मध्ये काहीतरी असलंच पाहिजे म्हणून त्यांनी ईथर नावाचं माध्यम कल्पिलं. त्या ईथरमधून पृथ्वी पुढे सरकते आहे याची खूण मायकेलसन आणि मॉर्ली यांनी १८८७ मध्ये अतिशय काटेकोर प्रयोगाने शोधली, आणि त्यांना ती मिळाली नाही. मग लाट कशाची? होकायंत्र काचेच्या पेल्याखाली झाका आणि बाहेरून चुंबक फिरवा. सुई हलते. चुंबक आणि सुई यांच्यामधल्या जागेत चुंबकाचा प्रभाव आहे. त्याला आपण क्षेत्र म्हणतो. विद्युत क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, चुंबकीय बदललं की विद्युत, आणि हा बदलच पुढे सरकत जातो. पाण्याची लाट पाण्याची असते, तशी ही लाट या दोन क्षेत्रांची आहे, आणि क्षेत्राला पोकळीही चालते. मॅक्सवेलने १८६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात निव्वळ विजेच्या आणि चुंबकत्वाच्या मोजमापांवरून या लाटेचा वेग काढला. तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर, आणि प्रकाश म्हणजे हीच लाट असं त्याने मांडलं. नववीला याहून जास्त सांगू नका. समीकरणं नंतर येतील; तोवर 'लाट क्षेत्राची' हे उत्तर पुरतं, आणि ते खरंही आहे.

याला जोडून एक प्रयोग. कुणाच्या तरी घरी आजोबांचा जुना ट्रान्झिस्टर असेल, मध्यम लहरीचा. कुठलंही केंद्र लागत नाही अशा जागी काटा ठेवा आणि शेजारी गॅस पेटवायचं ठिणगीचं लायटर वाजवा, अर्थात गॅसपासून दूर. प्रत्येक ठिणगीला रेडिओत 'टक' ऐकू येईल. हर्ट्झने केलं ते हेच. मग रेडिओ स्टीलच्या मोठ्या डब्यात ठेवून झाकण लावा आणि पुन्हा ऐका. 'पारदर्शक, पण कोणासाठी?' हा प्रश्न इथेही चालतो. एप्रिल-मे मध्ये वळीव येईल तेव्हा मुलांना घरात बसून तोच रेडिओ लावायला सांगा : वीज चमकते त्याच क्षणी रेडिओ खरखरतो, गडगडाट मागून येतो. प्रकाश आणि रेडिओ लहर बरोबर पोहोचतात, आवाज मागे राहतो. सुट्टीतला गृहपाठ म्हणून हे फार छान आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाला मात्र टाळाटाळ अजिबात नको. तिच्या घरी रोज त्यावर बोलणं होत असणार, आणि शाळेत बाई गप्प बसल्या हेही घरी पोहोचलेलं असणार. टॉवरमधून गॅमा किरणं येत नाहीत. गॅमा अणूच्या केंद्रकातून येतात; टॉवरच्या अँटेनातून येतात त्या रेडिओ लहरी. पण एवढ्यावर सोडू नका, रांगेकडे परत जा. रांगेत पुढे सरकताना दर पावलाला तरंगलांबी निम्मी होते, आणि प्रकाशाच्या एकेका पुडक्याची, म्हणजे फोटॉनची ऊर्जा दुप्पट. मोबाइलची लहर चौदाव्याच्या आसपास, निळा प्रकाश बत्तिसावा. मध्ये अठरा पावलं. अठरा वेळा दुप्पट म्हणजे २,६२,१४४. मोबाइलच्या लहरीच्या एका फोटॉनमध्ये निळ्या प्रकाशाच्या फोटॉनच्या साधारण अडीच लाखाव्या भागाइतकीच ऊर्जा असते. उलट क्ष-किरण चव्वेचाळिसावे, निळ्याच्या पुढे बारा पावलं, म्हणून फोटॉनमागे ४,०९६ पट ऊर्जा. पेशीतल्या रेणूंचे बंध मोडायला सुरुवात होते ती बत्तिसाव्याच्या पुढे, अतिनीलपासून. ही आकडेमोड ती मुलगी स्वतः करून घरी दाखवू शकते.

यानंतर उरलेलं अर्धं उत्तरही द्या. फोटॉन दुबळा असला तरी लहर फार तीव्र असेल तर ती ऊब देते. ओव्हन त्यावरच चालतो. म्हणून टॉवर आणि मोबाइल दोन्हींच्या तीव्रतेवर सरकारी मर्यादा घातलेल्या असतात, आणि अंतर वाढलं की तीव्रता झपाट्याने घटते. कानाला लावलेला फोन डोक्याच्या किती जवळ असतो हेही मुलांना ध्यानात घेऊ द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ ब' गटात ठेवलं : कर्करोगाचं कारण असण्याची शक्यता आहे, पुरावा मर्यादित. त्याच संस्थेने सूर्याच्या किरणांना पहिल्या गटात, म्हणजे पुरावा पुरेसा असलेल्या गटात ठेवलंय. भर दुपारी उघड्या डोक्याने शेतात काम करणाऱ्या मुलांना हे कळायलाच हवं. टॉवर हवा की नको हे गाव ठरवेल. त्यात जमिनीचे, भाड्याचे, परवानगीचे प्रश्नही असतात. तुम्ही बाजू घेऊ नका. पण गॅमा आणि रेडिओ यांतला फरक सांगणं म्हणजे बाजू घेणं नव्हे, तो तुमचा अभ्यासक्रमच आहे.

पेटीबद्दल : आत्ता घेऊ नका. वर लिहिलेलं सगळं रिमोट, आरसा, प्रिझम, तापमापक, टॉर्च आणि जुना रेडिओ यांत होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर दोन चांगले प्रिझम आणि चार भिंगं घ्या. दहावीला अपवर्तन आणि भिंगं शिकवताना ती पुन्हा उपयोगी पडतील. सीडी मात्र शोधून ठेवा, त्या आता मिळेनाशा झाल्यात. खोक्याला बारीक फट पाडून आत सीडीचा तुकडा बसवला की जुन्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात सुट्या, ठसठशीत रंगरेषा दिसतात आणि एलईडीच्या प्रकाशात सलग पट्टा. हा एक प्रयोगच एका तासाला पुरून उरेल. ॲनिमेशनला माझा विरोध नाही. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना काटकोनात डोलताना दाखवायला त्याहून चांगलं साधन नाही. फक्त ते पाचव्या तासाला दाखवा, होकायंत्राच्या प्रयोगानंतर. मुख्याध्यापकांना सांगा की स्मार्ट बोर्ड पहिल्या दिवसापासूनच वापरतेय. रिमोटच्या प्रयोगात तो लागणारच आहे.

आणि शक्य झालं तर सहावा तास शाळेत घेऊ नका. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणातला त्यांचा शोध जाहीर केला, म्हणून तो विज्ञान दिन. त्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना पाहायला खुली करतात, विज्ञान प्रदर्शनही भरतं. तुमच्या जिल्ह्यातून एसटीने सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल. तारखा आणि नावनोंदणी आधी विचारून घ्या. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. मुलांना कुठल्याही एका तबकडीकडे नीट बघायला लावा. ती सलग पत्र्याची नाही, बारीक तारांच्या जाळीची आहे. ऊन त्या जाळीतून सरळ खाली येतं, पण हायड्रोजनकडून येणारी २१ सेंटीमीटरची लहर, रांगेतल्या तेराव्या आणि चौदाव्याच्या मधली, त्याच जाळीला आरसा समजून परत फिरते, कारण जाळीची भोकं तिच्या मानाने फारच लहान आहेत. जाळी हलकी असल्यामुळे वाराही तिच्यातून निघून जातो आणि एवढी मोठी तबकडी कमी खर्चात उभी राहते. जाताना प्रत्येक मुलाला एक प्रश्न लिहून न्यायला सांगा आणि तिथल्या शास्त्रज्ञांना तो त्यालाच विचारू द्या, तुम्ही त्याच्या वतीने विचारू नका. 'लाट कशाची' विचारणाऱ्या मुलाने विचारावं की जाळीची भोकं किती मोठी केली तर दुर्बीण चालेनाशी होईल. टॉवरवाल्या मुलीने विचारावं की दुर्बिणीच्या परिसरात मोबाइलच्या लहरींची अडचण का होते, आणि आकाशातून येणारी लहर टॉवरच्या लहरीपेक्षा किती क्षीण असते.